काचेतला वाघ आणि आपल्या माळावरचा पक्षी

आजचा भाग छोटा आहे, पण विषय महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

दिवाळीच्या सुट्टीत मी भाचरांना घेऊन मुंबईला गेलो होतो. चिनू दहा वर्षांची, ओम सहाचा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. १९२२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथला प्राण्यांचा विभाग उभा करायला बीएनएचएसने मदत केली होती.

काचेमागे वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी. ओम नाक काचेला लावून उभा. "मामा, हा पापणी का नाही लववत?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. मग सांगितलं, की तो मेलेला आहे, कातडं जपून आत भराव घातलाय.

"कुणी मारलं?"

म्हटलं, त्या काळी अभ्यासासाठीसुद्धा प्राणी मारून आणायची पद्धत होती. तो गप्प झाला. चिनूने मात्र वेगळंच विचारलं, "मामा, आपल्या नगरचा प्राणी कोणता?"

मी म्हणालो, माळढोक. तिने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं! नगरची पोरगी, बरं का.

मंडळी, १९७९ साली सोलापूर आणि आपला नगर जिल्हा मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढे ते कमी करून साधारण १,२२२ वर आणलं. पक्षी मोठा, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला की घर गेलं. त्यात विजेच्या तारा. त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं वजन घेऊन ऐनवेळी वळता येत नाही.

"म्हणजे डायनासोरसारखा संपला?" चिनू.

संपला नाही. राजस्थानात जैसलमेरकडे अजून आहे. पण आपल्या माळावर तो दिसणं आता जवळपास अशक्य.

पुढच्याच रविवारी दोघांना कर्जत तालुक्यात रेहेकुरीला नेलं. काळविटांचं अभयारण्य, १९८० सालचं, फक्त २.१७ चौरस किलोमीटर. पहिला तासभर नुसतं गवत आणि बाभळी. ओम कंटाळला, बिस्किटं संपली. आणि मग एकदम कळपच आला. काळा नर, पिळाची शिंगं, मागे तपकिरी माद्या, टणाटण उड्या मारत. ओम कुजबुजला, "मामा, हे हलतात!"

परतताना एका शेतकरी दादांशी बोललो. ते म्हणाले, "तुम्ही बघून जाता, आम्ही रात्रभर ज्वारी राखतो." चिनूने गाडीत विचारलं, मग बरोबर कोण? मला उत्तर देता आलं नाही. दोघंही बरोबर आहेत, एवढंच म्हणालो.

मुलांना म्युझियमला नेणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. सगळं दाखवायचा हट्ट नको, तासभर बास. पाटी वाचून दाखवण्याआधी त्यांना प्रश्न विचारू द्या. आणि मेलेल्याला मेलेला म्हणा, मुलं आपल्यापेक्षा खंबीर असतात. जमलं तर त्याच महिन्यात एखादा जिवंत प्राणी त्याच्या जागेवर दाखवा. त्याशिवाय काचेतलं जग अर्धंच राहतं.

घरी आल्यावर चिनूने आजोबांना विचारलं, तुम्ही माळढोक पाहिलाय?

आजोबा म्हणाले, "हूम ना? आमच्या लहानपणी माळावर यायचा की. घुमायचा, हूंऽऽम असा."

मी याच घरात वाढलो. तीस वर्षांत मी त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.

तर आज घरी गेल्यावर तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ते जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!