अमेरिकेतील शाळांचे उद्योगवर्ग आणि आपला कार्यानुभवाचा तास
(केंद्रस्तरीय शिक्षक सहविचार सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता ६ वी ते ८ वीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावयास सांगितले असून त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा गावातील कसबी माणसांच्या सहवासात मुलांनी काही शिकावे, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. मागील सभेत या विषयावर चर्चा झाली तेव्हा एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "हे आम्ही कार्यानुभवाच्या तासाला करीतच आलो आहोत." त्यावर एका बाईंनी विचारले, "करीत आलो, की वेळापत्रकात लिहीत आलो?" सभेत हशा पिकला. तथापि प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून, ज्या देशाने हा उद्योग मोठ्या प्रमाणावर आणि पुष्कळ पैसा ओतून केला, त्या अमेरिकेत १९५० च्या सुमारास माध्यमिक शाळांत काय चालत असे, ते आज आपणांपुढे मांडतो. त्यांचे साहित्य व त्यांची ऐपत आपल्याजवळ नाही. परंतु त्यांच्या हातून जी चूक झाली ती करावयास पैसा लागत नाही, आणि म्हणूनच ती आपण समजून घेतली पाहिजे.

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन हायस्कुलांत वर्गखोल्यांच्या जोडीला लाकूडकामाची व धातुकामाची शाळा असे, आणि सोय असेल तेथे मोटारदुरुस्तीचीही. लाकूडकामाच्या खोलीत प्रथम डोळ्यांत भरे ती भिंतीवरील हत्यारांची फळी. करवत, रंधा, पटाशी, हातोडी यांपैकी प्रत्येकाची आकृती फळीवर रंगविलेली असे व हत्यार त्याच आकृतीवर टांगावयाचे असे. तास संपताना शिक्षकाने एक दृष्टी टाकली की कोणते हत्यार परत आले नाही ते तत्काळ कळे. मोजदादीची वही नको, आरडाओरड नको. ही युक्ती आपल्या शाळेतील खुरपी, कात्र्या आणि सुया-दोऱ्यांच्या डब्यांनाही चालेल. तिला एक डबी रंग पुरतो.

मुलाच्या हाती लाकूड लगेच येत नसे. पाट असो, पक्ष्याचे घरटे असो वा छोटे मेज असो, आधी त्याने मापांसह आकृती काढावयाची, मग किती लांबीरुंदीचे किती तुकडे लागतील आणि त्यांची किंमत काय होईल याची यादी करावयाची. शिक्षकाने ती तपासली म्हणजे मगच करवत. त्यांची पट्टी इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत आखलेली असल्यामुळे अपूर्णांकांची बेरीज चुकली तर ती वहीत लाल शाईने उमटत नसे. मेजाचा पाय आखूड होत असे. दुसरीकडे मुलींच्या गृहविज्ञान वर्गात शिलाईची यंत्रे आणि लहान लहान स्वयंपाकघरे असत. शिवावयास आरंभ होई तो बहुधा एप्रनपासून. टंकलेखन व लघुलेखन यांचेही वर्ग भरत.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेतीचा वर्ग. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ज्या स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली, त्याने उद्योगशिक्षकांच्या वेतनासाठी केंद्राचा पैसा राज्यांना मिळू लागला. मात्र राज्यांनी तेवढीच रक्कम आपल्याकडून घालावी अशी अट होती. शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे, अशीही अट त्यात होती. त्यामुळे मुलगा आपल्या घरच्या शेतावर एखादे डुक्कर, कालवड, कोंबड्या किंवा एकरभर मका स्वतःच्या हिशेबावर वाढवी. खाद्याचा खर्च, दाणा, वजन, विक्री या साऱ्याची नोंद वहीत होई. शिक्षकाची नेमणूक सामान्यतः बारा महिन्यांची असे, कारण उन्हाळ्याच्या सुटीत त्याला घरोघर जाऊन ही कामे पाहावी लागत. शेताच्या बांधावर बापाशी बोलणारा आणि मुलाची वही तपासणारा तो शिक्षक मला फार आपला वाटतो. १९२८ साली या मुलांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व त्यांचे निळे कॉर्डरॉयचे जाकीट पुढे सर्वत्र ओळखीचे झाले.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत या कामाचे दोन प्रकार होते आणि त्यांतील भेद आपण नीट लक्षात घ्यावा. एक प्रकार सर्वांसाठी. वकिलाचा असो वा मजुराचा असो, मुलाला साधने हाताळता यावीत, वस्तू कशी बनते ते कळावे, हा त्याचा हेतू. दुसरा प्रकार काहींसाठी. ज्यांना पुढे महाविद्यालयात जावयाचे नाही असे शाळेने ठरविले, त्यांना धंद्याला लावणे हा त्याचा हेतू. हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून, येथेच सारा घोटाळा झाला. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१५ सालीच या विभागणीला विरोध केला होता. हाताचे काम शिक्षणात असावे, पण त्याने मुलांची दोन जातींत वाटणी होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. याच सुमारास त्यांच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर शिकत होते व त्यांच्या व्याख्यानांना बसत होते, हे येथे सहज आठवते.

विभागणी झालीच. मुलांना करवत व मुलींना सुई. ही भिंत कायद्याने पडावयास १९७२ साल उजाडावे लागले. शेती शिकणाऱ्या मुलांच्या त्या राष्ट्रीय संघटनेत मुलींना १९६९ पर्यंत प्रवेश नव्हता. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असल्यामुळे त्यांच्या मुलांना १९३५ साली आपली निराळी संघटना काढावी लागली. ती १९६५ मध्ये मूळ संघटनेत विलीन झाली.

माल्कम एक्स यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. मिशिगन राज्यातील एका शाळेत ते आठवीत होते. वर्गात अगदी वरच्या क्रमांकाचे. इंग्रजीच्या शिक्षकांनी विचारले, पुढे काय होणार? मुलगा म्हणाला, वकील. शिक्षकांनी त्याला समजाविले की कृष्णवर्णीयाने असली आशा धरू नये. तुझे लाकूडकाम सर्वांना आवडते, तू सुतार हो, तुला काम मिळेल. त्याच्याहून कमी गुणांच्या गोऱ्या मुलांना मात्र त्यांच्या मनाप्रमाणे उत्तेजन मिळाले होते. ते शिक्षक दुष्ट नव्हते. मुलाच्या हिताचेच बोलतो आहोत, अशी त्यांची समजूत होती.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, एका खेड्यातील शाळेत, माझ्या वर्गात सुताराचा मुलगा होता. बाक मोडला, फळ्याची घोडी हलू लागली, खिडकीची कडी निघाली, की मी त्याला पाठवीत असे. कार्यानुभवाच्या तासाला तर पाठवीच, पण व्याकरणाच्या आणि गणिताच्या तासालाही पाठवी. त्याची चारचौघांत तोंडभर स्तुती करी. वार्षिक परीक्षेत तो अपूर्णांकांत नापास झाला. मी त्याच्या बापाला म्हणालो, "गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही, हात मात्र सोन्याचे आहेत." बाप काही बोलला नाही. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की त्या मुलाला सूत ठाऊक होते. आठ सुतांचा इंच. तीन सूत, पाच सूत, अर्धा सूत तो नजरेने सांगे. तीन सूत म्हणजे तीन-अष्टमांश, हे त्याला सांगावयाचे काम माझे होते. ते मी केले नाही, आणि बाकीच्या चाळीस मुलांच्या हाती करवतही दिली नाही. एका तासात मी दोन्हीकडचे नुकसान केले.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली, तेव्हा सूतकताई प्रत्येक मुलासाठी होती, कोष्ट्याच्या मुलासाठी नव्हे. पुढे ती योजना का मंदावली हा निराळा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो डी. एड. च्या परीक्षेत लिहिलाही असेल!

असो. दप्तराविनाच्या दहा दिवसांसाठी माझी मागणी लहान आहे. गावातील सुतारदादांना किंवा कुंभारकाकांना शाळेत बोलवाल तेव्हा त्यांना सतरंजीवर नव्हे, खुर्चीवर बसवावे व मुलांनी त्यांना गुरुजी म्हणावे. त्यांच्या तोंडची मापे, लाकडांची नावे, मातीचे प्रकार मुलांनी वहीत उतरून घ्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मापांवर गणिताचा पाठ व्हावा. रंधा मुलींच्या हातीही जावा, आणि खोली झाडण्याची पाळी मुलांवरही यावी.

आणि एक वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रकाने असावेत : कोणते काम त्याने हाताने केले, आणि त्या वेळी त्याचा कोणता पाठ बुडाला. पुढील परिषदेस येताना ती वही सोबत आणावी. मी दुसरा रकाना आधी पाहणार आहे.