घरबसल्या सावकारी

वऱ्हाडांत सावकार हा शब्द फारशा आदरानें उच्चारला जात नाहीं, आणि त्याला कारणेंही तशींच आहेत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं मोठा भाव आला. भाव चढला तशी शेतकऱ्याची पत चढली. पत चढली तसें कर्जही चढलें. १८६५ सालीं युद्ध संपलें आणि भाव उतरला; कर्ज मात्र उतरलें नाहीं. पुढें १९२९ नंतरच्या मंदींत पुन्हां तेंच झालें. अखेर १९३३ सालीं मध्यप्रांत सरकारला कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला. त्यासाठीं अमरावती जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं केलेली खटपट वऱ्हाड विसरलेला नाहीं. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास गाडगे महाराजांच्या मामांची जमीन अशाच कर्जापायीं गेली. म्हणूनच ऋण काढून सण करूं नका, असें ते कीर्तनांतून जन्मभर सांगत राहिले.

हा इतिहास ऋणकोच्या बाजूनें नेहमीं सांगितला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या खातेवहीला दुसरी बाजूही होती. सावकार श्रीमंत झाला तो केवळ जबर व्याजानें नव्हे. कोणत्या कुळाची विहीर उन्हाळ्यांत आटते, कोणाच्या घरीं यंदा लग्न आहे, कोण बोलाचा पक्का आणि कोण तोंडाचा गोड, हें सारें तो जाणून असे. शिवाय त्याच्याजवळ गहाणखत असे, दागिना असे, निदान जामीन तरी असे. इतकें असूनही कांहीं रकमा बुडतच. त्या बुडीत रकमांची भरपाई तो फेडणाऱ्या कुळांच्या व्याजांतून करी. जबर व्याज ही बुडण्याची आगाऊ किंमत असते, ही गोष्ट तो कधीं विसरत नसे.

आज ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, अमरावती-अकोल्याचा एखादा निवृत्त गृहस्थ आपल्या नकळत सावकार होऊं शकतो. फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातीं आलेली असते. बँकेचें व्याज पुरेनासें वाटतें. अशा वेळीं मोबाईलवर पीअर टू पीअर लेंडिंगची जाहिरात दिसते. एका माणसाची बचत दुसऱ्या अनोळखी माणसास कर्जाऊ द्यावयाची आणि मधल्या कंपनीनें दोघांची गांठ घालून देऊन आपली दलाली घ्यावयाची, एवढाच या व्यवहाराचा अर्थ. इंग्लंडांत २००५ सालीं झोपा नांवाच्या कंपनीनें ही पद्धत सुरू केली. त्याच कंपनीनें २०२१ च्या अखेरीस ती बंदही केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०१७ मध्यें या धंद्यासाठीं नियम घालून दिले. तेव्हां हा व्यवहार बेकायदेशीर नाहीं. पण कायदेशीर आणि निर्धास्त हे दोन शब्द एक नव्हेत.

ते नियम नीट वाचले तरी पुष्कळ उलगडा होतो. एका धनकोनें एका ऋणकोस ५०,००० रुपयांहून अधिक देतां येत नाहीं. सर्व कंपन्या मिळून त्यानें एकंदर ५० लाखांच्या पुढें जातां येत नाहीं. कर्जाची मुदत ३६ महिन्यांहून अधिक नसते. हें कर्ज विनातारणच असावें लागतें. म्हणजे जुन्या सावकाराच्या पेटींतलें गहाणखत येथें नाहीं, दागिना नाहीं आणि कुळाची ओळखही नाहीं. ऋणकोची पत आंकड्यांत दाखविली जाते. तो आंकडा मागें त्यानें काय फेडलें तें सांगतो. पुढच्या महिन्यांत त्याची नोकरी जाणार आहे कीं काय, हें सांगत नाहीं. आणि कंपनीनें मुद्दलाची वा व्याजाची हमी घेऊं नये, असा नियमच आहे.

कित्येक कंपन्या हा व्यवहार ठेवीसारखा रंगवून दाखवीत. ठराविक व्याज मिळेल, हवे तेव्हां पैसे काढतां येतील, असें सांगत. १६ ऑगस्ट २०२४ रोजीं रिझर्व्ह बँकेनें यास स्पष्ट मनाई केली. नुकसान झाल्यास तें सर्वस्वीं पैसे देणाऱ्याचें, आणि धनकोंना किती तोटा सोसावा लागला तें कंपनीनें दरमहा प्रसिद्ध करावें, असें तींत नमूद आहे. जेथें आजही निश्चित उत्पन्नाची भाषा ऐकूं येते, तेथून उठून जावें हेंच बरें.

आतां थोडा हिशेब करूं. समजा, एका गृहस्थानें १ लाख रुपये २० जणांस प्रत्येकीं ५,००० प्रमाणें शेंकडा १८ नें एक वर्षासाठीं दिले आणि मुद्दल-व्याज वर्षाअखेर यावयाचें आहे. सर्वांनीं फेडलें तर १८,००० रुपये सुटतात. दोघांनीं कांहींच दिलें नाहीं, तर १८ जणांचें व्याज १६,२०० येतें, त्यांतून बुडालेलें मुद्दल १०,००० वजा जातां ६,२०० उरतात. म्हणजे शेंकडा ६ देणाऱ्या बँकेहून अवघे २०० रुपये अधिक. तिघे बुडाले तर केवळ ३०० उरतात. चौघे बुडाले तर व्याज राहोच, घरचे ५,६०० रुपये जातात. कंपनीचें शुल्क आणि आयकर यांत धरलेलाच नाहीं. आणि ते ५,००० रुपये वसूल करण्यासाठीं अकोल्याच्या गृहस्थानें परप्रांतांतील ऋणकोवर दावा लावावयाचा म्हटलें, तर नालीशीचा खर्चच रकमेला गिळून टाकील.

तर मग कोणींच या वाटेस जाऊं नये काय? तसें नाहीं. जी रक्कम बुडाली तरी औषधपाणी अडणार नाहीं, मुलीच्या लग्नाची तारीख पुढें ढकलावी लागणार नाहीं, तेवढीच रक्कम ज्याला पाहिजे त्यानें तेथें घालावी. कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे कीं नाहीं, तें आधीं त्या बँकेच्या यादींत पाहावें. म्हातारपणाची शिदोरी मात्र वेगळी ठेवावी. बँकेंतील ठेवीस, सहकारी बँक असली तरी, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेमागें ५ लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीस तें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. पोस्टांतील ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेमागें सरकार उभें आहे. तेथें व्याज कमी वाटलें, तरी त्या कमीपणाच्या बदल्यांत रात्रीची झोंप विकत मिळते.

शेवटीं एक गोष्ट राहते. मोबाईलवरच्या यादींत ज्याचें केवळ एक नांव आणि एक आंकडा दिसतो, तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. तो शेंकडा १८ किंवा त्याहूनही अधिक देण्यास कां तयार होतो? बहुधा अन्यत्र त्याला कोणी उभें केलेलें नसतें म्हणून. त्याच्या गरजेंतच धनकोचा नफा असतो आणि त्याच्या गरजेंतच धनकोचा धोका असतो. खातेवहीचें तें एकच पान आहे. वऱ्हाडच्या जुन्या सावकारानें तें पान वाचून मगच थैली सोडली. नव्यानें निदान तेवढें तरी वाचावें.