उतरणे : बेटांच्या भाषांतील एक शब्द



मलायी भाषेत 'तुरुन' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ उतरणे. ऐकल्याबरोबर आपल्याला वाटतं, अरे, हे तर आपलं 'उतरून'! अर्थ तोच, आवाजही जवळजवळ तोच. वर्गात एखाद्या चुणचुणीत मुलानं ही जोडी दाखवली, तर गुरुजींनी त्याची पाठ जरूर थोपटावी; पण नातं मात्र लगेच कबूल करू नये. दोन भाषांतले शब्द सारखे दिसले, की ते सख्खे आहेत, उसने आणलेले आहेत, की केवळ तोंडावळ्यानं सारखे आहेत, हे आधी पाहावं लागतं.

आपलं 'उतरणे' आलं संस्कृत 'उत्' हा उपसर्ग आणि 'तॄ' हा धातू यांच्यापासून. 'उतरून'मधला 'ऊन' तर नुसता प्रत्यय. मलायी 'तुरुन'मध्ये असं काही सुटं करता येत नाही. तो अख्खा शब्दच मूळ आहे. त्याला मागेपुढे जोड लागून 'केतुरुनान' होतो, म्हणजे वंश. आणि 'तुरुन-तेमुरुन' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या. आपणही बापाचे गुण मुलात उतरले असं म्हणतोच की! कल्पना जुळली, शब्दही सारखा वाटला, तरी नातं नाही. हा निव्वळ योगायोग.

मलायी ज्या कुळातली, त्या कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. बाराशेंहून अधिक भाषांचं हे खटलं. पश्चिमेला आफ्रिकेजवळचं मादागास्कर, पूर्वेला पार ईस्टर बेट, उत्तरेला तैवानमधले आदिवासी आणि दक्षिणेला न्यूझीलंडचे माओरी. बहुतेक अभ्यासक या कुळाचं मूळ घर तैवानात मानतात. तिथून काही हजार वर्षांत ही माणसं होड्यांतून बेटामागून बेट गाठत गेली.

आता उसनवारीचा मासला बघा. जावा बेटावर मूल साधारण आठ महिन्यांचं झालं, की त्याचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावतात. चिकट भाताच्या सात रंगांच्या गोळ्यांवरून त्याला चालवतात, उसाच्या शिडीवर चढवतात. या विधीला म्हणतात 'तेडाक सितेन'. 'तेडाक' म्हणजे उतरणे, हा जावाचा घरचा शब्द. 'सितेन'मधला 'सिती' म्हणजे भूमी, आणि हा मात्र आपल्या ओळखीचा निघतो: संस्कृत 'क्षिति'. तसेच 'गुरू' आणि 'भूमी' हे शब्दही तिकडे रुळले आहेत. शब्द गेले म्हणून भाषा आपल्या कुळातली होत नाही. शेजाऱ्याकडून विरजण आणलं, म्हणून काही तो सोयरा ठरत नाही.

मग सख्खं नातं ओळखायचं कशावरून? १७६९ साली कप्तान कुकच्या जहाजावर तुपाइया नावाचा ताहितीकडचा एक जाणता होता. जहाज न्यूझीलंडला लागलं आणि तो माओरी लोकांशी बोलू लागला, तर त्यांना त्याचं बोलणं समजलं! मध्ये हजारो मैलांचा समुद्र. हे कसं झालं, ते 'खाली' या शब्दावरूनच पाहू. टोंगा बेटांवर म्हणतात 'हिफो', सामोआत 'इफो', माओरीत 'इहो' आणि हवाईतही 'इहो'. म्हणजे टोंगाबाहेर सुरुवातीचा 'ह' गळाला, आणि माओरी व हवाई भाषांत मधल्या 'फ'चा 'ह' झाला. एका शब्दावरून निकाल देऊ नये, म्हणून विस्तव घ्या: टोंगा 'आफी', सामोआ 'आफी', माओरी 'आही', हवाई 'आही'. तोच बदल, त्याच ठिकाणी. आता 'वर' घ्या: टोंगात 'हाके', माओरीत 'आके', सामोआ आणि हवाईत 'आए'. इथेही 'ह' गळालाच, शिवाय दोघांनी 'क' टाकला. मासा घेतला तरी तेच: 'इका', 'इका', 'इआ', 'इआ'. मुलांना हे आपल्या घरातूनच दाखवता येईल. आपला वाघ हिंदीत बाघ, आपले वीस तिथे बीस, आपला विंचू तिथे बिच्छू. दिसण्यातलं साम्य फसवतं. असा नेमानं होणारा फरक सहसा फसवत नाही.

उच्चार बदलतो तसा अर्थही सरकतो, आणि मला तर यातच जास्त गंमत वाटते. या दर्यावर्दी लोकांचं खाली जाणं म्हणजे बहुधा समुद्राकडे जाणं. त्या दिशेचा एक फार जुना शब्द आहे. मलायीत तो 'लाउत' होऊन समुद्रच झाला. फिलिपाइन्समधल्या इलोकानो लोकांच्या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेकडे. त्यांचा 'लाउद' म्हणजे पश्चिम. बाली बेटावर 'केलोद' म्हणजे समुद्राकडे, म्हणून दक्षिण बालीत ती दक्षिण आणि उत्तर बालीत उत्तर! आपल्या कोकणातला माणूस 'घाटावर' जातो आणि देशावरचा 'कोकणात उतरतो', त्यातलाच हा प्रकार. होकायंत्राला विचारायचं कारणच पडत नाही.

सामोआत 'इफो'ला आणखी एक अर्थ आला: मान खाली घालणे, शरण जाणे. त्यावरून झाला 'इफोंगा'. कुणाच्या हातून खून किंवा तसाच भारी अपराध घडला, की त्याच्या घराण्याचा प्रमुख आणि भाऊबंद पहाटे पीडितांच्या दारी जाऊन बसतात, डोक्यावरून बारीक विणीची मोलाची चटई पांघरून. बोलत नाहीत. घरातल्यांनी चटई उचलली तर क्षमा मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं, तासन्‌तास.

न्यूझीलंड सरकारनं १९७०च्या दशकात, परवान्याची मुदत संपल्याच्या कारणावरून, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या घरांवर पहाटे छापे घातले होते. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या नगरसभागृहात पंतप्रधान जसिंडा आर्डर्न त्याची माफी मागायला आल्या. भाषणाआधी त्या खाली बसल्या, आणि त्या समाजाच्या लोकांनी त्यांच्यावर चटई पांघरली. थोड्या वेळानं त्यांनीच ती उचलली.