स्वस्तातली मेझकाल: धूर नको, घायपात शोधा

(या भागात बोललेला मजकूर, वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीटनेटका करून.)

आजचा विषय दारूचा आहे, त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच. महाराष्ट्रात व्हिस्की, रम असल्या कडक दारूसाठी कायद्याने वय २५ लागतं, गोव्यात २१. त्याखालच्या मंडळींनी हा एपिसोड शेतीसाठी आणि मार्केटिंगसाठी ऐकावा. तेही यात भरपूर आहे.

तर, मेझकाल. मेक्सिकोत उच्चार ‘मेस्काल’ असा करतात. मी सध्या तिथे, ग्वादालाहारा शहरात नोकरीला आहे. इथल्या सुपरमार्केटमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर तीनशे ते साडेचारशे पेसोला मेझकालची बाटली मिळते. एक पेसो म्हणजे साधारण पाच रुपये धरा. म्हणजे दीड ते सव्वादोन हजार रुपये झाले. मेझकालवर बोलणारे लोक बहुतेक वेळा महागड्या बाटल्यांवरच बोलतात. पण पितात लोक काय? ही खालच्या फळीवरची. म्हणून आज तिचीच चव घेऊया.

प्रश्न साधा आहे. स्वस्त बाटली बरी आहे की नुसतीच स्वस्त, हे प्यायल्यावर कळतं का? माझं उत्तर, कळतं. फक्त आपण भलतीच गोष्ट शोधत बसतो. आपण धूर शोधतो.

आधी, ही बनते कशी?

घायपात माहितीये ना? शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला असतं ते. जाड, काटेरी पानांचं, ज्याच्या वाखापासून दोर वळतात. मेझकाल त्याच्या भाईबंदांपासून बनते. मेक्सिकोत त्याला मागे म्हणतात. सगळ्यात जास्त वापरली जाते ती एस्पादीन नावाची जात, कारण तिची लागवड करता येते. तरी ती तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. तेपेस्ताते नावाची रानटी जात तर वीस-पंचवीस वर्षं घेते. आणि घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, मग झाड मरतं. फुलोऱ्यात साखर संपून जाऊ नये म्हणून तो छाटतात.

पानं तोडली की मध्ये अननसासारखा मोठा गड्डा उरतो. जुन्या पद्धतीत जमिनीत खड्डा करतात, लाकडं जाळून दगड तापवतात, त्यावर हे गड्डे रचतात आणि वर माती लोटतात. तीन ते पाच दिवस ते आत भाजत राहतात. आपल्याकडची पोपटी आठवा, किंवा हुरड्याची आगटी. तोच जाळाचा आणि मातीचा वास. भाजलेला तुकडा उसासारखा चघळायचा आणि चोथा थुंकायचा. चव रताळं आणि काकवी यांच्या मधली कुठलीतरी.

मग तो ठेचतात. मोठं दगडी चाक गोल फिरतं, घोडा किंवा खेचर ते ओढतं. किल्ल्यांवर चुन्याची घाणी बघितली असेल तर हुबेहूब तीच. त्यानंतर रस आणि चोथा लाकडी पिंपात आंबवायचा आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भट्टीत दोनदा गाळायचा. या प्रकारे एक लिटर मेझकालला साधारण दहा किलो गड्डा लागतो.

आता गंमत ऐका. ‘मेस्काल’ हा शब्द आला नाउआत्ल भाषेतून, अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेतून. त्याचा अर्थ ‘शिजवलेलं घायपात’. नावात कुठेही धूर नाही!

लेबलवरचा एक शब्द

मेझकालला १९९४ साली भौगोलिक संरक्षण मिळालं. म्हणजे मेक्सिकोतल्या ठरावीक भागातच बनली तर ती मेझकाल. पुढे २०१७ साली नवे नियम आले आणि तीन प्रकार ठरले. लेबलवर नुसतं ‘मेस्काल’, किंवा ‘मेस्काल आर्तेसानाल’, किंवा ‘मेस्काल आन्सेस्त्राल’.

आन्सेस्त्राल म्हणजे खड्डा आणि मातीची भट्टी, सगळं जुन्या वळणाचं. आर्तेसानालमध्ये थोडी सूट आहे. ठेचायला यंत्र चालतं, भट्टी तांब्याची चालते, पण खालचा जाळ खरा लागतो. आणि नुसतं ‘मेस्काल’ असेल तर कारखाना चालतो. गड्डे ऑटोक्लेव्हमध्ये शिजवा, म्हणजे एक अवाढव्य प्रेशर कुकर. रस काढायला डिफ्यूझर लावा, म्हणजे पाण्याच्या माऱ्याने चोथ्यातली शेवटची साखरही धुऊन काढणारं यंत्र. पिंपं स्टीलची आणि गाळायला उंच कॉलम.

तिन्हींत साखर शंभर टक्के घायपाताचीच लागते. टेकिलाला ४९ टक्के दुसरी साखर चालते, मेझकालला नाही. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे भेसळ’ असं धरून चालू नका. आणि खालच्या फळीवरही ‘आर्तेसानाल’ लिहिलेल्या बाटल्या असतात. तो एक शब्द वाचायला फुकट आहे.

तीन ग्लास

मी तीन बाटल्या आणल्या. पहिली नुसती ‘मेस्काल’. दुसरी तळाला अळी असलेली, ती फिल्मी बाटली. तिसरी ‘आर्तेसानाल’, एस्पादीनची, मोठ्या कंपनीची. चार जण होतो, त्यात दोघं इथलेच. ग्लासांवर फक्त नंबर टाकले.

चव घेण्याची पद्धत सांगते. शॉट मारायचा नाही. लिंबू-मीठ बाजूला ठेवायचं. इथले लोक म्हणतात, मेझकालचे मुके घ्यायचे. एवढासाच घोट. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. चव दुसऱ्या घोटापासून मोजायची.

पहिल्या ग्लासात धूर जवळजवळ नव्हताच. कच्च्या हिरव्या पाल्याचा वास, थोडी मिरी आणि मग एकदम मोकळं. घोट गिळला की विषय संपला. वाईट म्हणणार नाही, पण ओळखही राहिली नाही.

दुसरा ग्लास दणदणीत. ढीगभर धूर, त्यामागे ओली माती, आणि सुकी मासळी ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तसा किंचित वास. चौघांपैकी तिघं म्हणाले, ‘ही खरी मेझकाल!’ तो मासळीसारखा वास अळीचा. ही घायपातातच वाढणाऱ्या एका पतंगाची अळी. ती बाटलीत टाकण्याची टूम विसाव्या शतकातली, आणि तिने जगभर बाटल्या खपवल्या. तिने नशा वाढत नाही, भास तर अजिबात होत नाहीत. आता लेबलवर ‘अळीने चव दिलेली’ अशा अर्थाचे शब्द छापावे लागतात.

तिसऱ्यात धूर मागे होता, शेजारच्या घरात चूल पेटल्यासारखा. पुढे भाजलेल्या रताळ्याचा गोडवा, संत्र्याची साल, जरा हिरवी मिरची. शेवट लवकर झाला, कारण पाणी घालून ती ३८ टक्क्यांवर आणलेली होती. पण जे होतं ते घायपात होतं.

घरी करून बघण्यासारखी एक युक्ती सांगते. दोन थेंब तळहातावर घ्या, हात चोळा, अल्कोहोल उडून जाऊ द्या आणि मग हुंगा. मेझकाल बनवणारे लोक हेच करतात. दुसऱ्या ग्लासाचा नुसता धूर आणि माती उरली. तिसऱ्याला काकवीचा वास येत राहिला. पहिल्याचं जवळपास काहीच राहिलं नाही. इथे मत बदललं. दुसऱ्याला मत दिलेले दोघं तिसऱ्यावर आले.

दुसरी एक युक्ती बरेच जण सांगतात, की बाटली हलवा, बुडबुडे टिकले तर माल अस्सल. ती इथे लावू नका. ते मोत्यांसारखे बुडबुडे साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या मेझकालवर टिकतात. ३८ टक्क्यांवर ते पटकन फुटतात. म्हणजे दारू नकली नाही, सौम्य आहे, इतकंच.

मग पैसे वाचले कुणाचे?

आता मुद्द्याचं. धूर हा लाकडाचा आहे, काही दिवसांत येतो. गोडवा घायपाताचा आहे, त्याला सहा-आठ वर्षं लागतात. म्हणून मी म्हणते, स्वस्त बाटलीत गोडवा शोधा. तो सापडला तर कुणीतरी झाड नीट पिकू दिलंय आणि धीराने भाजलंय.

२०११ मध्ये प्रमाणित मेझकालचं उत्पादन सुमारे १० लाख लिटर होतं. २०२२ मध्ये ते १ कोटी ४० लाख लिटरच्या आसपास गेलं. मोठ्या कंपन्या आल्या. ‘४०० कोनेहोस’ हा खूप खपणारा ब्रँड होसे कुएर्वो या टेकिलावाल्या कंपनीचा आहे. ‘मोंतेलोबोस’ कंपारीकडे आहे, ‘उनियोन’ डियाजिओकडे. त्यात गैर काही नाही. त्यांच्यामुळेच बाटली तुमच्या-माझ्या हातात येते.

पण कांद्याचं आपल्याला माहितीये. भाव चढला की सगळे लावतात, आणि पीक येईपर्यंत भाव पडलेला असतो. कांद्याचं हे चक्र काही महिन्यांचं. घायपाताचं सहा-आठ वर्षांचं! आज चढ्या भावाने लावलेलं रोप २०३० नंतर विकायचं. भाव पडला तर शेतकरी ते पुढच्या हंगामात बदलूही शकत नाही. आणि भाव चढला की कोवळे गड्डे काढायचा मोह होतो. साखर कमी, चव पातळ. तो पातळपणा शेवटी खालच्या फळीवरच्या ग्लासात उतरतो.

त्यामुळे माझा हिशेब असा. स्वस्त घ्या, बिनधास्त घ्या, पण लेबलवर तीन गोष्टी बघा. ‘आर्तेसानाल’ लिहिलंय का? घायपाताची जात लिहिलीये का? गावाचं किंवा बनवणाऱ्याचं नाव आहे का? तिसरी गोष्ट स्वस्तात क्वचित मिळते. मिळाली तर तीच उचला. दहा-वीस पेसो जास्त गेले तरी चालेल. अळी, कवटी, मेणाचं सील, यातलं काहीही चवीबद्दल बोलत नाही.

आणि हेच प्रश्न घरच्या मालालाही लावता येतात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. तिथेही फळ आहे, भट्टी आहे, गावातला बनवणारा आहे आणि दुकानातली चकचकीत बाटली आहे. पुढच्या वेळी गोव्यात फेणीचे दोन थेंब तळहातावर चोळून बघा. काजूच्या बोंडाचा वास आला तर मला कळवा, नाही आला तरी कळवा.

गाडी चालवणार असाल तर प्यायची नाही, हे सांगायला नकोच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!