मुलांस जगाची ओळख
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी पालकांपुढे केलेले भाषण)



आपले मूल कर्तबगार निघावे, चार मुलखांत वावरताना त्याने बुजू नये, परक्या चालीरीतींचा त्यास उमज पडावा, ही इच्छा आज प्रत्येक आईबापाच्या मनात आहे. महाबळेश्वरात राहणाऱ्या आम्हांस वाटते की हे शिक्षण आमच्या मुलांस फुकटच मिळते, कारण जगच आमच्या दारी येते. एप्रिल-मे महिन्यांत बाजारातून एक फेरी मारावी. दहा वर्षांचा पोर चार भाषांत भाव सांगतो आणि आम्ही त्याजकडे कौतुकाने पाहतो. परंतु त्या पोरास गुजरातीतला 'किती' ठाऊक आहे, गुजराती माणूस ठाऊक नाही. गिऱ्हाइकाच्या खिशाची पारख ही उपयोगी विद्या खरीच. पण तिला जगाचे ज्ञान म्हणणे ही आमची फसगत आहे.

ही फसगत आजची नव्हे. १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांनी येथे वसाहत उभारली, आणि पुढे काही वर्षांतच मलायाकडील मुलखातून चिनी व मलायी कैदी आणून येथील तुरुंगात ठेवण्यात आले. बटाटे व विलायती भाजीपाला पिकविण्याची रीत आणि वेताच्या टोपल्या विणण्याची कला येथील लोकांनी त्यांच्याकडून उचलली. त्या विद्येवर कित्येक कुटुंबे जगली. परंतु त्या कैद्यांपैकी एकाचे तरी नाव आज आमच्यापैकी कोणास सांगता येईल काय? बटाटा घेतला, टोपली घेतली, माणूस तेवढा सोडून दिला.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली! अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्याही येथल्या माणसाच्या कानास रुचतील अशा मराठीत. कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. परकी भाषा व्यवहारापुरती शिकणे निराळे आणि त्या भाषेत लोक आपले सुखदुःख कसे बोलतात हे कान देऊन ऐकणे निराळे. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, हेही मुलांस सांगावे, लपवू नये. एकाच मुलखात दोन्ही प्रकारची माणसे होऊन गेली, हे कळल्याने मूल बिघडत नाही.

कित्येक माता आम्हांस विचारतात, "मूल दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या सणास गेले तर त्याची श्रद्धा ढिली नाही का पडणार?" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु स्टीफन्स ओवी शिकले म्हणून त्यांचे धर्मगुरूपण कमी झाले नाही. ज्या घरी सायंप्रार्थना नेमाने होते, मुलाच्या शंकेस न रागावता उत्तर मिळते, त्या घरच्या मुलास शेजारच्या दिव्याची भीती वाटू नये.

पांचगणीच्या शाळांत दूरदूरच्या प्रांतांतून मुले येतात. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून तेथे आहे. तेथील खर्च सर्वांस परवडणारा नाही, आणि त्याचे फार वाईटही वाटून घेऊ नये. निरनिराळ्या लोकांची ओळख करून घेण्यास आपली आळी पुरेशी आहे. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, आणि भागीरथी बारा वर्षांनी व सरस्वती साठ वर्षांनी तेथे येते अशी कथा आहे. येथे वाढलेल्या आपल्या मुलास ती ठाऊक नसावी? याच डोंगरांत लोखंड गाळणारे धावड लोक होते, धर्माने मुसलमान. त्या भट्ट्यांच्या गोष्टी कोणाच्या घरी अजून सांगितल्या जातात काय, याची चौकशी आपण कधी केली?

पांचगणीच्या वाटेवरील भिलार गावाचे आम्हांस कौतुक वाटते. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून कल्पना घेऊन राज्य सरकारने ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' केले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांस जागा दिली, आणि परका वाचक घरात येऊन बसू लागला. त्या घरचे मूल त्याला पाणी देते, कोणते पुस्तक कोठे आहे ते दाखवते, त्याने काय वाचले ते विचारते. विकावयाचे काही नसल्यामुळे हे बोलणे गल्ल्यावरच्या बोलण्याहून निराळेच होते.

म्हणून आमची एक सूचना आहे. येथे २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या महिन्यांत बाजार मंद असतो आणि मुले घरात कंटाळतात. येत्या जूनपासून दर रविवारी तिसऱ्या प्रहरी, पूज्य फादरांची अनुमती असल्यास, देवळाशेजारील खोली उघडी ठेवावी. तेथे शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींस, मग ती कोणत्याही धर्माची असोत, सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या लहानपणच्या गोष्टी मुलांस ऐकवाव्यात. आमंत्रण देण्यास मुलांनाच घरोघर पाठवावे. छत्री घेऊन, एकट्याने. काय बोलावे हे त्यांस पढवून ठेवू नये. चहा आम्ही करू.