चष्मा, भिंग की शस्त्रक्रिया?

वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ म्हटले ते उगीच नव्हे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होते, अन् पोथी हात लांब करून धरावी लागते. लेसरने लांबचा नंबर घालवला, तरी ही चाळिशी बहुधा टळत नाही. ती शस्त्रक्रियाही वयाच्या 18 वर्षांनंतर, नंबर वर्षभर स्थिर राहिला तरच, बुबुळाची जाडी तपासून करायची. गुऱ्हाळाच्या धुरात, उसाच्या फडात वावरणाऱ्याने डोळ्यात बसवायच्या भिंगांच्या नादी लागू नये; ती विहिरीच्या पाण्याने धुतली तर जंतू बुबुळ नासवू शकतात. तिथे चष्माच बरा. आणि गुरुजी, फळ्याकडे सरकणाऱ्या पोराला मठ्ठ म्हणण्याआधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगा. साध्या चष्म्यानेही पोराचे वर्ष वाचेल.