खामगावच्या गाठी, हमालांचे हक्क



वऱ्हाडातलं खामगाव म्हटलं, की कापूस आठवतो.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना.
मग वऱ्हाडातल्या रुईला भाव चढला.
युद्ध संपलं, आणि भाव कोसळला.

पुढे १८७० मध्ये जलंब ते खामगाव रेल्वे सुरू झाली. कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या.

त्या गाठी उचलल्या कुणी?
हमालांनी! इतिहासात त्यांची नावं शोधूनही सापडायची नाहीत.

परदेशातल्या उलथापालथीचा फटका आजही इथे बसतो. भाव पडला आणि बाजारातली कापसाची आवक घटली, की हमालाची त्या दिवसाची मजुरी बुडते.

हमालाच्या हक्कांसाठी महाराष्ट्राचा एक कायदा कामी येतो. १९६९ चा माथाडी कायदा, म्हणजे डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्या कामगारांचा कायदा.
मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. हक्क मागून मिळाले नाहीत, लढून मिळाले.

कायद्याची रीत साधी आहे.
कामगाराची माथाडी मंडळात नोंद होते. मालकाचीही होते.
मालक मजुरी मंडळाकडे भरतो. वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्क्यांची रक्कम, भरतो.
मंडळ कामगाराला मजुरी देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार यांची सोय होते.
मंडळावर सरकार, मालक आणि कामगार, तिघांचेही प्रतिनिधी बसतात.

पण श्रोतेहो, आधी नोंद हवी.
पुन्हा सांगतो, नोंद हवी!
नोंद नसेल, तर पाठीवरचं ओझं तेवढं खरं, हक्क कागदावरच.

नोंदणीची चौकशी जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात करता येते.